सेगाने कन्सोल बनवणं का सोडलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या सेगा कंपनीने जाहीर केलं की मार्चअखेर ड्रीमकास्ट या कन्सोलचं उत्पादन थांबेल आणि यापुढे आपण इतरांच्या यंत्रांसाठी गेम बनवू. अठरा वर्षं घरगुती कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने एका दिवसात आपली ओळख बदलली. या विषयावर मी बरीच वर्षं वाचत आणि खेळत आलो आहे, आणि लोकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

‘कन्सोल सोडून सॉफ्टवेअर’ म्हणजे नेमकं काय बदललं?

कन्सोल बनवणारी कंपनी एका वेळी दोन धंदे करते. टीव्हीला जोडायचं यंत्र विकणं हा पहिला. त्या यंत्रासाठी स्वतः गेम बनवणं आणि दुसऱ्या कंपन्यांच्या गेमच्या प्रत्येक प्रतीमागे परवान्याचे पैसे घेणं हा दुसरा. यंत्रावर बहुधा फारसा नफा नसतो, कित्येकदा तर पदरमोड करून ते विकलं जातं. कमाई होते ती गेममधून. प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि शाई महाग पडते, तोच हिशेब.

२००१ पर्यंत सेगा परवान्याचे पैसे घेत होती. त्यानंतर तिला ते सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्टला द्यावे लागले. घरमालक भाडेकरू झाला, असं म्हटलं तरी चालेल. मात्र घराची डागडुजीही आता तिची राहिली नाही. चिप वेळेवर मिळतील का, गोदामात किती खोकी पडून आहेत, पुढचं यंत्र बनवायला पैसा कुठून आणायचा, या सगळ्या चिंता गेल्या.

सेगा सुरुवातीपासून कन्सोलच बनवत होती ना?

नाही. सेगाचा मूळ धंदा नाणं टाकून खेळायच्या, म्हणजे आर्केड, यंत्रांचा. १९६५ मध्ये डेव्हिड रोझन यांची कंपनी निहॉन गोराकू बुस्सानमध्ये विलीन झाली आणि सेगा एंटरप्रायझेस उभी राहिली. पाणबुडीतून टॉर्पिडो सोडायचा ‘पेरिस्कोप’ हा तिचा १९६६ चा खेळ जपानबाहेरही चालला. घरगुती कन्सोल बराच नंतर आला. एसजी-१००० हा तिचा पहिला कन्सोल १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला आणि नेमक्या त्याच दिवशी निन्टेन्डोने फॅमिकॉम आणला. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी ‘टीव्ही गेम’ आणि पिवळ्या कॅसेटी आल्या, त्या बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. निन्टेन्डोचा मारिओ आपल्या ओळखीचा झाला आणि सेगाचा सॉनिक परका राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

मेगा ड्राइव्ह इतका चालला होता, मग घसरण कुठून सुरू झाली?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण २००१ चं मूळ १९९४-९५ मध्ये आहे.

मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी ‘जेनेसिस’ या नावाने अमेरिकेत आला. १९९१ मध्ये सॉनिक आला आणि अमेरिकेत सेगाने निन्टेन्डोला घाम फोडला. जगभरात तीन कोटींच्या आसपास मेगा ड्राइव्ह विकले गेले. पण यश मिळाल्यावर कंपनीने एकाच वेळी फार गोष्टी हातात घेतल्या. आधी मेगा ड्राइव्हला जोडायचा सीडीचा भाग आला. मग नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ३२एक्स हा दुसरा जोडभाग आला, किंमत सुमारे १६० डॉलर. त्याच आठवड्यात जपानमध्ये सेगाचाच नवा कोरा कन्सोल, सॅटर्न, विक्रीला आला. म्हणजे अमेरिकेतला मुलगा आईवडिलांच्या मागे लागून जो भाग विकत घेत होता, त्याचा वारसदार त्याच आठवड्यात जपानी दुकानांत उभा होता. ३२एक्ससाठी जेमतेम चाळीस गेम निघाले आणि १९९६ मध्ये तो बंद झाला.

नंतरची चूक त्याहून मोठी. सॅटर्न अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये येईल असं आधी जाहीर झालं होतं. पण त्या वर्षी मे महिन्यात, व्हिडिओ गेमच्या पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात, तो आजपासूनच निवडक दुकानांत मिळतोय अशी घोषणा सेगाने केली. किंमत ३९९ डॉलर. ज्या दुकानदारांना माल मिळाला नाही ते दुखावले, आणि खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानसाखळीने तर सॅटर्न ठेवायचंच नाकारलं. सप्टेंबरच्या हिशेबाने काम करणाऱ्या गेम कंपन्यांकडे तयार गेम नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, ‘२९९’ एवढा एक आकडा उच्चारला आणि खाली उतरला. प्लेस्टेशन शंभर डॉलरने स्वस्त आहे, हे सगळ्यांना कळलं.

सॅटर्न जगभरात ९० लाखांच्या थोडा वर विकला गेला. मार्च १९९८ ला संपलेल्या वर्षी सेगाने ३५.६ अब्ज येनचा तोटा दाखवला. पैसा पुढेमागे उभा करता येतो. पण सेगाचं यंत्र घेतलं तर दोन वर्षांत ती ते वाऱ्यावर सोडेल, ही भीती ग्राहकाच्या आणि दुकानदाराच्या मनात बसली, आणि ती काढायला कंपनीकडे वेळ उरला नाही.

ड्रीमकास्ट वाईट कन्सोल होता का?

मुळीच नाही. सेगाने बनवलेलं ते सगळ्यात विचारपूर्वक घडवलेलं यंत्र होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्यात हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर होता आणि एनईसीची पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिप. सॅटर्नसाठी गेम लिहिणं किचकट होतं, इथे ती चूक टाळलेली होती. नाओमी हे सेगाचं आर्केड यंत्र जवळपास याच बांधणीवर उभं होतं, त्यामुळे आर्केडमधला गेम घरी आणताना फारशी काटछाट करावी लागत नसे. मोडेम यंत्रातच बसवलेला होता. १९९८ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून कन्सोलवर परक्या माणसाशी खेळता येईल, ही कल्पना कंपनीने गंभीरपणे घेतली आणि तिच्यावर पैसे लावले. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’मध्ये वेगवेगळ्या देशांचे खेळाडू एकत्र फिरत होते आणि भाषेची अडचण होऊ नये म्हणून तयार वाक्यांचं भाषांतर गेमच करून देत असे. गेम जतन करायच्या कार्डाला छोटा पडदा आणि बटणं होती, म्हणजे ते कार्ड खिशात घालून वेगळंही खेळता यायचं.

आणि त्यावरचे गेम! ‘क्रेझी टॅक्सी’, ‘जेट सेट रेडिओ’, ‘शेनम्यू’. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या लोकांनी दोन वर्षांत इतकं वेगवेगळं काम करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मग तो चालला का नाही? प्लेस्टेशन २ मुळे?

मोठं कारण तेच, पण एकटं नाही.

सुरुवात दोन ठिकाणी दोन तऱ्हेची झाली. २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानमध्ये ड्रीमकास्ट आला तेव्हा ग्राफिक्स चिप पुरेशा तयार नव्हत्या. मागणी होती आणि माल नव्हता. अमेरिकेत मात्र ९ सप्टेंबर १९९९ या तारखेने, म्हणजे ९-९-९९ ने, धमाल उडवली. १९९ डॉलर किंमत, पहिल्याच दिवशी १८ गेम, आणि चोवीस तासांत दोन लाखांहून जास्त कन्सोल विकले गेले.

मार्च २००० मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला. तो डीव्हीडी चालवायचा आणि जुन्या प्लेस्टेशनचे गेमही. त्या काळी नुसता डीव्हीडी प्लेयरच महाग होता. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना पटवायला मुलांच्या हातात आयतं कारण आलं. अमेरिकेत तो ऑक्टोबर २००० मध्ये पोचायचा होता. मधले महिने लोक ‘थांबू या’ म्हणत राहिले, आणि या थांबण्यामागे १९९५ ची आठवण होतीच. सेगाने किंमत १४९ डॉलरवर आणली, इंटरनेट जोडणीचा दीर्घ करार करणाऱ्याला कन्सोलची किंमत परत द्यायची योजना काढली, तरी त्या नाताळात हवी तेवढी विक्री झाली नाही.

त्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या क्रीडा गेम बनवणाऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलचे गेम नसलेला कन्सोल विकणं म्हणजे आपल्याकडे क्रिकेट न दाखवणारं क्रीडा चॅनल विकण्यासारखं. सेगाने व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स हा स्टुडिओ विकत घेऊन क्रीडा गेमची स्वतःची २के मालिका काढली आणि ती उत्तम निघाली. पण नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फुटबॉल गेमचं, मॅडनचं, मोठं होतं.

एकूण ९१ लाखांच्या आसपास ड्रीमकास्ट विकले गेले. प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेला.

चोरीच्या सीड्यांनी ड्रीमकास्टला संपवलं, हे खरं का?

नुकसान झालं, पण कारण ते नव्हे. ड्रीमकास्टचे गेम साधारण एक जीबीच्या जीडी-रॉम या खास तबकडीवर यायचे, आणि ती घरी कॉपी होणार नाही असा हिशेब होता. पण संगीताच्या सीड्यांसाठी ठेवलेल्या एमआयएल-सीडी या सोयीतून वाट सापडली आणि साध्या सीडीवर गेम चालू लागले. तरीही ज्यांच्याकडे यंत्रच नाही ते गेम कॉपी कसे करणार? अडचण यंत्रं न खपण्याची होती.

इसाओ ओकावा यांचं नाव नेहमी आदराने घेतात. ते कोण?

सीएसके या जपानी संगणक कंपनीचे संस्थापक. १९८४ मध्ये डेव्हिड रोझन आणि हायाओ नाकायामा यांनी सेगाचा जपानी धंदा परत विकत घेतला तेव्हा पैशाचं पाठबळ ओकावांनी दिलं होतं. अखेरच्या काळात सेगाची सूत्रं त्यांच्याच हातात होती. सेगाने यंत्रं सोडून गेमवर लक्ष द्यावं, असं त्यांचं मत बरंच आधी झालं होतं. तरी ड्रीमकास्टला त्यांनी संधी दिली आणि पदरचे पैसे कर्जाऊ दिले.

निर्णय जाहीर झाला तेव्हा ते खूप आजारी होते. १६ मार्च २००१ रोजी ते वारले. त्याआधी त्यांनी कंपनीचं कर्ज माफ केलं आणि आपले शेअर सेगाला देऊन टाकले. ही सगळी देणगी सुमारे ६९ कोटी डॉलरची होती. मार्च २००१ ला संपलेल्या वर्षी सेगाचा तोटा ५१.७ अब्ज येन होता. ओकावांची मदत नसती तर कंपनी सॉफ्टवेअरकडे वळायच्या आधीच बुडाली असती. व्यवसायाच्या इतिहासात मालकाने जाता जाता असं काही केल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, म्हणून मीही हे नाव आदराने घेतो.

बदलाची झळ कोणाला लागली?

नोकरदारांना. तोक्योतल्या जवळजवळ एक तृतीयांश कर्मचाऱ्यांना जावं लागलं. ज्यांनी वर्षानुवर्षं यंत्रं घडवली, त्यांच्यासाठी नव्या रचनेत फारशी जागा नव्हती. अमेरिकेत ही घोषणा करण्याची वेळ तिथले प्रमुख पीटर मूर यांच्यावर आली. ते पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सबॉक्सचं काम पाहू लागले.

उरलेले ड्रीमकास्ट ९९ डॉलरला, मग त्याहून कमी दरात विकून संपवले गेले.

सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर आल्यावर लोकांना कसं वाटलं?

आज कोणी विचारलं तर हे गंमतीचं वाटेल, पण तेव्हा शाळाशाळांत ‘सेगावाले’ आणि ‘निन्टेन्डोवाले’ असे तट होते. अमेरिकेतली सेगाची जाहिरात उघडउघड निन्टेन्डोचं नाव घेऊन टोमणे मारायची. आणि डिसेंबर २००१ मध्ये जपानमध्ये एकाच दिवशी गेमबॉय ॲडव्हान्सवर ‘सॉनिक ॲडव्हान्स’ आणि गेमक्यूबवर ‘सॉनिक ॲडव्हेंचर २ बॅटल’ आले. काहींना तो विश्वासघात वाटला. ज्या मुलांच्या घरी कधी सेगाचं यंत्र येणार नव्हतं, त्यांना मात्र सॉनिक पहिल्यांदा भेटला. २००७ मध्ये मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिंपिकच्या गेममध्ये शेजारी उभे राहिले.

कन्सोल सोडल्यावर कंपनी लगेच फायद्यात आली का?

नाही. मार्च २००२ पर्यंत सलग पाच आर्थिक वर्षं तोटाच होता. कामाची वाटणी करून सेगा सगळीकडे गेली: प्लेस्टेशन २ वर ‘व्हर्च्युआ फायटर ४’, एक्सबॉक्सवर ‘जेट सेट रेडिओ फ्युचर’, गेमक्यूबवर ‘सुपर मंकी बॉल’. निन्टेन्डोच्याच मालकीची ‘एफ-झीरो’ मालिका सेगाच्या टोशिहिरो नागोशींच्या चमूने २००३ मध्ये ‘एफ-झीरो जीएक्स’ म्हणून पुढे नेली, आणि तो गेम आजही कसाला उतरतो.

पण चांगले गेम आणि खपणारे गेम नेहमी एकच नसतात. स्वतःचा कन्सोल होता तेव्हा ‘जेट सेट रेडिओ’सारखा चाकोरीबाहेरचा गेम त्या यंत्राची ओळख बनायचा, आणि कमी खपला तरी त्याचा उपयोग व्हायचा. दुसऱ्याच्या यंत्रावर प्रत्येक गेमला आपलं पोट आपण भरावं लागतं. सेगाच्या स्वभावात २००१ नंतर जो बदल दिसतो त्याचं कारण मला इथे दिसतं. क्रीडा गेमचंही तेच. २००४ मध्ये एनएफएल २के५ अवघ्या २० डॉलरला विकून तिने मॅडनला हादरवलं. वर्षअखेर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगशी एकाधिकाराचा करारच करून टाकला. जानेवारी २००५ मध्ये सेगाने व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स विकला. आज बास्केटबॉलचा जो २के गेम जगभर खेळला जातो, त्याची सुरुवात ड्रीमकास्टवर झाली होती.

सॅमी कंपनीचा यात काय संबंध?

सॅमी पाचिंको या जपानी जुगारी खेळाची यंत्रं बनवायची आणि तिच्याकडे पैसा होता. २००४ मध्ये दोघी ‘सेगा सॅमी होल्डिंग्ज’ या एका छताखाली आल्या. सेगाला स्थैर्य मिळालं ते यानंतर.

सॉफ्टवेअर कंपनी म्हणून सेगाने नवं काय केलं?

दोन वाटा ठळक दिसतात. एक, स्वतःच्या घरातली. डिसेंबर २००५ मध्ये नागोशींनी ‘याकुझा’ प्लेस्टेशन २ वर आणला. जगभरच्या सगळ्यांना आवडेल असं काहीतरी करण्याऐवजी जपानमधल्या प्रौढ माणसाला आपलं वाटेल असं एक शहर, तिथल्या गल्ल्या, बार, खाण्याची दुकानं त्यांनी उभी केली. खूप वर्षांनी तीच मालिका ‘लाइक अ ड्रॅगन’ म्हणून जगभर पोचली. मातीशी इमान राखून केलेलं काम दूर जातं, हे आपल्याकडे साहित्यात आणि सिनेमात पाहिलं आहे, गेममध्येही ते घडतं याचा मला फार आनंद होतो.

दुसरी वाट विकत घेण्याची. इंग्लंडचे क्रिएटिव्ह असेंब्ली (‘टोटल वॉर’) आणि स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह (‘फुटबॉल मॅनेजर’) २००५-०६ मध्ये आले, २०१३ मध्ये ‘पर्सोना’ मालिकेचा ॲटलस, आणि २०२३ मध्ये ‘अँग्री बर्ड्स’वाली फिनलंडची रोव्हिओ.

भारतात सेगाचे कन्सोल मिळत होते का?

मिळत होते, पण मूठभरांना. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी सेगाने वितरणाचा करार केला, कारण बाहेरून आणलेल्या मालावर ८० टक्के जकात होती. मेगा ड्राइव्हची किंमत होती १८,००० रुपये. त्या काळी मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत कोणी खेळणं घेत नसे.

पण आपली सेगाशी खरी ओळख झाली ती पीसीवर. सायबर कॅफेत किंवा संगणकाच्या क्लासमध्ये सर बाहेर गेले की सुरू व्हायचा तो ‘व्हर्च्युआ कॉप २’ सेगाचाच होता. माऊसने नेम धरायचा, मागच्या खुर्चीवरून कोणीतरी ‘डावीकडे, डावीकडे!’ ओरडायचं. ‘हाऊस ऑफ द डेड’ही सेगाचाच. मला स्वतःला ते निळं नाव सुरुवातीला फक्त पडद्यावर दिसायचं. ही कंपनी यंत्रंही बनवते हे फार उशिरा कळलं, आणि कळलं तोवर तिने ती सोडली होती. तेव्हा माझ्या पिढीतल्या पुष्कळ मराठी मुलांसाठी सेगा पहिल्यापासून गेम बनवणारीच कंपनी होती.

असा बदल दुसऱ्या कोणाला जमला का?

३डीओ कंपनीने कन्सोल सोडून गेम बनवायचं ठरवलं आणि २००३ मध्ये तिचं दिवाळं निघालं. अटारी या जुन्या अमेरिकी कन्सोल कंपनीचं नाव उरलं, जुनी कंपनी उरली नाही. सेगाकडे आर्केडमध्ये तयार झालेली माणसं आणि तीस-पस्तीस वर्षांचा साठा होता, म्हणून ती तरली. अलीकडे मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून आपले गेम प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोवरही द्यायला सुरुवात केल्यावर सेगाचं उदाहरण सर्रास दिलं जातं. पण सेगाचा खजिना रिकामा होता आणि मायक्रोसॉफ्टचा भरलेला आहे, त्यामुळे ही तुलना मला अर्धीच पटते.

सेगाने हार्डवेअर पूर्ण सोडलं का?

नाही. आर्केड यंत्रं ती बनवतच राहिली. मात्र जपानमधली आपली आर्केड केंद्रं तिने २०२० पासून गेन्डा कंपनीला विकली. ब्राझीलमध्ये टेकटॉय ही कंपनी सेगाच्या परवान्याने तिचे जुने कन्सोल, मास्टर सिस्टीम आणि मेगा ड्राइव्ह, पुढे कित्येक वर्षं विकत राहिली. २०१९ मध्ये तळहाताएवढा मेगा ड्राइव्ह मिनी आला, त्यात जुने गेम आधीच भरलेले होते.

सेगा पुन्हा नवा कन्सोल काढेल?

मला तसं वाटत नाही. कन्सोलच्या शर्यतीत लागणारा पैसा तेव्हापेक्षा कितीतरी वाढला आहे आणि सेगाचे गेम आज सगळीकडे मिळतात.

ड्रीमकास्टचे गेम आज खेळायचे तर?

‘शेनम्यू’चे पहिले दोन भाग २०१८ मध्ये पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर नव्याने आले, तिथून सुरुवात करा. ‘सॉनिक ॲडव्हेंचर’चे दोन्ही भाग पीसीवर मिळतात. २०२४ च्या अखेरीस सेगाने आपले बरेच जुने गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतले. तेव्हा जो हवा आहे तो विक्रीला दिसला तर घेऊन ठेवा. आणि कोणाच्या माळ्यावर खरा ड्रीमकास्ट असेल तर फोन करून जा, चालू करून पाहा, आणि ‘क्रेझी टॅक्सी’ची तबकडी असली तर आधी ती लावा.